जर्मन कोळशाची वाटणी (१९४५ ते १९५२) : टक्केवारी नेमकी कशाची?

हिशेबनीस (धागाकर्ता)

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या युरोपावर मराठीत लिहिलं जातं तेव्हा न्यूरेंबर्ग, मार्शल योजना आणि बर्लिनची नाकेबंदी हे तीन विषय हमखास येतात. कोळसा मात्र एखाद्या वाक्यात उरकला जातो. प्रत्यक्षात १९४५ ते १९४९ या काळात अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यात जर्मनीवरून जेवढी घासाघीस झाली, तिचा मोठा भाग रूरच्या, म्हणजे जर्मनीच्या ब्रिटिश ताब्यातल्या विभागातल्या खाण-पट्ट्याच्या, कोळशावर खर्ची पडला. या धाग्यात त्या वाटणीचा हिशेबच बघू.

सुरुवात जून १९४५ पासून. अमेरिकेचे पॉटर आणि ब्रिटनचे लॉर्ड हिंडली यांच्या पथकानं वायव्य युरोपातल्या कोळशाच्या स्थितीची पाहणी केली. निष्कर्ष थोडक्यात असा : येत्या हिवाळ्याआधी जर्मनीतून कोळसा काढून शेजारच्या देशांना दिला नाही, तर फ्रान्स, बेल्जियम, हॉलंडमध्ये कायदा-सुव्यवस्था टिकणार नाही. त्यांनी आकडाही दिला. १९४५ संपेपर्यंत १ कोटी टन आणि एप्रिल १९४६ पर्यंत आणखी दीड कोटी, एकूण अडीच कोटी टन निर्यात. २६ जुलै १९४५ रोजी ट्रूमननी आयझेनहॉवरना दिलेल्या आदेशात हाच आकडा उतरला. त्यापायी जर्मनीत बेकारी आणि अशांतता वाढली तरी चालेल, हेही त्यात मान्य केलेलं होतं.

प्रत्यक्षात काय झालं? शरणागतीच्या सुमारास रूरचं रोजचं उत्पादन २५-३० हजार टनांवर आलं होतं. युद्धापूर्वी ते ४ लाखांच्या आसपास होतं. १९४५ च्या अखेरीस ते पावणेदोन लाखांच्या जवळ गेलं, ही कामगिरी लहान नव्हती. तरी अडीच कोटींचं लक्ष्य एप्रिल १९४६ मध्ये निम्म्यापर्यंतही पोचलं नाही.

इथून पुढे राजनय सुरू होतो. ठरीव टनांचा आदेश फसल्यावर भाषा टक्क्यांची झाली. मार्च-एप्रिल १९४७ मध्ये मॉस्कोत परराष्ट्रमंत्र्यांची परिषद भरली. जर्मनीच्या तहाबद्दल तिथे काहीही ठरलं नाही, पण बाजूच्या खोलीत मार्शल, बेव्हिन आणि बिदो या तिघांनी कोळशापुरता करार केला. जर्मनीच्या पश्चिम विभागांत (अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स यांच्या ताब्यातल्या) विक्रीयोग्य कोळशाचं निव्वळ उत्पादन रोज २ लाख ८० हजार टन झालं की त्यातला २१ टक्के निर्यातीला. उत्पादन वाढेल तसा टक्का वाढत जाणार आणि ३ लाख ७० हजार टनांना तो २५ होणार. हीच ती 'सरकती श्रेणी'.

वरवर पाहता २१ वरून २५, म्हणजे चारच टक्क्यांचा फरक. पण टनांत मांडून बघा :

२,८०,००० चे २१ टक्के = ५८,८०० टन निर्यात, घरी उरले २,२१,२००
३,७०,००० चे २५ टक्के = ९२,५०० टन निर्यात, घरी उरले २,७७,५००

उत्पादन ९०,००० टनांनी वाढलं. त्यातले ३३,७०० बाहेर गेले आणि ५६,३०० घरी राहिले. म्हणजे वाढीव कोळशातला ३७ टक्क्यांहून जास्त हिस्सा निर्यातीचा! बिदोंना पॅरिसला परत जाऊन दाखवायला '२५ टक्के' मिळाले, बेव्हिनना '२१ पासून सुरुवात' मिळाली, आणि खरी वाटणी या दोन आकड्यांच्या मधल्या उतारात होती.

महिन्याला २५ पाळीदिवस धरले तर पहिल्या पायरीला निर्यात १४ लाख ७० हजार टन, वरच्या पायरीला २३ लाखांच्या थोडी वर. फ्रान्सची मागणी एकट्यासाठी महिन्याला १० लाख टनांची होती. बेल्जियम, हॉलंड, लक्झेंबर्ग, डेन्मार्क, नॉर्वे, ऑस्ट्रिया, इटली हे सगळे उरलेल्यात.

माझ्या मते या संपूर्ण प्रकरणात भांडण टक्क्यांचं कमी आणि 'कशाचे टक्के' याचं जास्त होतं. जाणकारांनी भर घालावी.

---

वाफेचं_इंजिन

उत्तम धागा. 'निव्वळ' आणि 'विक्रीयोग्य' हे दोन शब्द करारात का घातले, ते थोडं उलगडतो.

खाणीतून वर आलेला माल म्हणजे कोळसा नव्हे, त्यात दगड आणि माती असते. धुलाई केंद्रातून गेल्यावर राहतो तो विक्रीयोग्य कोळसा. बॉम्बफेकीत धुलाई केंद्रं आणि पंप यांचं नुकसान झालं होतं. त्यामुळे राखेचं प्रमाण वाढलं, आणि त्याच वजनात उष्णता कमी मिळू लागली. आयात करणाऱ्या देशांची तक्रार हीच की टन मोजून मिळतात, पण भट्टीत टाकल्यावर राख उरते.

दुसरी वजाबाकी खाणीच्या स्वतःच्या खपाची. पाळणा वरखाली करणारी यंत्रं, पाणी उपसणारे पंप, हवा खेळती ठेवणारे पंखे हे सगळं खाणीच्याच बॉयलरवर चालतं. उत्पादन निम्म्यावर आलं म्हणून पाणी उपसणं निम्म्यावर येत नाही. म्हणून कमी उत्पादनाच्या काळात स्वतःच्या खपाचा टक्का फुगतो. तिसरी वजाबाकी खाणकामगारांना हक्कानं मिळणाऱ्या घरगुती कोळशाची.

हिशेबासाठी समजा, खाणींनी रोज २ लाख ८० हजार टन वर काढले आणि या सगळ्यात १५ टक्के गेले. निव्वळ उरले २ लाख ३८ हजार. म्हणजे एकूण आकड्यानं पहिली पायरी गाठली, पण करारातल्या आकड्यानं नाही. हा शब्द गाळला असता तर जर्मन घरं, वीजकेंद्रं आणि रेल्वे यांच्या वाट्यातून रोज हजारो टन जास्तीचे गेले असते.

---

अनुस्वार

वाचनखूण साठवली. सावकाश वाचतो.

---

मिनेट

फ्रान्सला नुसता कोळसा नको होता, कोक (कोळसा हवाबंद भट्टीत तापवून मिळणारं, लोखंडाच्या झोतभट्टीला लागणारं इंधन) हवा होता. हा फरक धाग्यात यायलाच हवा.

फ्रान्सच्या लोरेन प्रांतातलं लोहखनिज गरीब, त्यात लोखंड जेमतेम ३० टक्क्यांच्या आसपास आणि फॉस्फरस भरपूर. अशा खनिजाला झोतभट्टीत कोक जास्त लागतो. ठोकळ मानानं एक टन कच्च्या लोखंडाला एक टन किंवा त्याहून थोडा जास्तच. शेजारच्या सार या जर्मन सीमाभागाचा कोळसा एकट्यानं चांगला कोक देत नाही. तो ठिसूळ होतो आणि भट्टीत वरच्या भारानं चुरा होतो. त्यात रूरचा कोकयोग्य कोळसा मिसळावा लागे. म्हणून सार फ्रान्सच्या हातात आलं तरी लोरेनच्या भट्ट्या रूरवरच अवलंबून राहिल्या. फ्रान्सच्या पुनर्बांधणीसाठीच्या मोने योजनेतलं पोलादाचं लक्ष्य याच गृहीतावर उभं होतं की रूरचा कोक जर्मन भट्ट्यांऐवजी लोरेनला येईल.

आता वाटपातली गोम. एक टन कोक काढायला साधारण १.३ ते १.४ टन कोळसा भट्टीत घालावा लागतो, पण वाटप 'कोळशाच्या टनांत' होतं. मग कोक दिला तर तो किती टन कोळसा धरायचा? हा प्रश्न जुनाच. पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहात गुणोत्तर लिहूनच टाकलं होतं : ३ टन कोक बरोबर ४ टन कोळसा. शिवाय कोक भट्टीतून वायू, डांबर, बेंझॉल आणि अमोनिया निघतात. कोळसा फ्रान्सला गेला तर हे उपपदार्थ फ्रान्सला, कोक गेला तर जर्मनीला. रूरमध्ये हाच वायू नळातून शहरांना आणि कारखान्यांना जायचा. त्यामुळे दोन्ही बाजूंनी 'कोळसा की कोक' यावर ताणून धरलं यात नवल नाही.

---

कुंपणावरचा

@हिशेबनीस, एक शंका. अमेरिका आणि ब्रिटन जेते, फ्रान्सही जेता. मग रूर ज्याच्या विभागात त्यानं द्यायचं नाही म्हटलं तर कोण विचारणार? ब्रिटननं सरळ नकार का दिला नाही?

---

हिशेबनीस

@कुंपणावरचा, चांगला प्रश्न. तीन कारणं दिसतात.

एक, ब्रिटन स्वतः कोळशानं गांजलेला होता. युद्धापूर्वी ब्रिटन हा युरोपचा मोठा पुरवठादार. युद्धानंतर त्याची निर्यात जवळजवळ आटली. फेब्रुवारी १९४७ मध्ये तर इंधनमंत्री शिनवेल यांना कारखान्यांची वीज तोडावी लागली. स्वतः देता येत नाही म्हटल्यावर 'रूरचंही देत नाही' असं सांगणं अवघड. (योगायोग बघा, १९४७ च्या जानेवारीत खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा नव्या नॅशनल कोल बोर्डाचे पहिले अध्यक्ष हेच लॉर्ड हिंडली.)

दोन, पैसा. ब्रिटिश विभागाला धान्य बाहेरून आणावं लागे आणि त्याचे डॉलर ब्रिटनच भरत होता. जर्मनांना पोसायला वर्षाला ८ कोटी पौंड जातात, अशी अर्थमंत्री डाल्टन यांची तक्रार. पॉट्सडॅममध्ये तत्त्व ठरलं होतं की निर्यातीच्या उत्पन्नातून आधी मंजूर आयातीचे पैसे भागवायचे. म्हणून कोळशाची निर्यात हवी होती, पण योग्य भावानं.

तीन, फ्रान्सकडे अडवणुकीचं हत्यार होतं. पॉट्सडॅमला फ्रान्सला बोलावलं नव्हतं, त्यामुळे तिथला करार आपल्याला बंधनकारक नाही असं पॅरिसचं म्हणणं. १९४५ च्या शरदात जेत्या चार सत्तांच्या नियंत्रण परिषदेत फ्रान्सनं जर्मनीच्या केंद्रीय प्रशासकीय संस्था नकाराधिकार वापरून अडवल्या. कोळसा हा त्याला राजी करायचा मार्ग होता.

---

टांकसाळ

भावाचा मुद्दा आलाच आहे तर.

सुरुवातीच्या काळात जर्मन निर्यात कोळशाचा भाव टनाला साधारण १० डॉलरच्या घरात लावला जात होता. त्याच वेळी अटलांटिक ओलांडून आलेला अमेरिकन कोळसा युरोपच्या बंदरात याच्या दुपटीच्या आसपास पडे, कारण त्यात जहाजाचं भाडं होतं. फ्रान्सचं म्हणणं, खाणीजवळच्या गिऱ्हाइकानं समुद्रापलीकडचा भाव का द्यावा? जर्मन बाजूचं म्हणणं, हा फरक म्हणजे छुपी युद्धभरपाई.

जर्मनीतले अमेरिकन लष्करी प्रशासक क्ले आणि त्यांच्या अर्थसल्लागारांचा हिशेब वेगळ्या दिशेनं जायचा. एक टन कोळसा विकून १० डॉलर येतात. तोच कोळसा जर्मन कारखान्यात जाळून यंत्रं, रसायनं, कापड निर्यात केलं तर त्याच टनामागे कितीतरी जास्त डॉलर येतील आणि धान्य विकत घेता येईल. यावर फ्रान्सचं उत्तर ठरलेलं : म्हणजे आधी जर्मनी उभा राहणार आणि मग आम्ही! दोघांचं गणित आपापल्या जागी बरोबर होतं. कोणाच्या पुनर्बांधणीला आधी इंधन मिळणार हा प्रश्न गणितानं सुटणारा नव्हताच.

---

वाफेचं_इंजिन

उत्पादन का वाढत नव्हतं, यावर लिहिल्याशिवाय वाटणीचं चित्र पुरं होत नाही.

मनुष्यबळ : युद्धाच्या शेवटी रूरच्या खाणींत कामगारांचा मोठा भाग परदेशी वेठबिगारांचा आणि युद्धकैद्यांचा होता. ते सुटून घरी गेले. उरलेले जर्मन कामगार वयस्क. नवी भरती निर्वासितांची, त्यांना ना कौशल्य ना राहायला घर. युद्धापूर्वी एका माणसामागे एका पाळीला दीड टनाच्या आसपास कोळसा निघे, तो १९४६ मध्ये एक टनाच्याही खाली गेला. नुसती हजेरी वाढवून हे भरून निघत नाही.

अन्न : मार्च १९४६ मध्ये ब्रिटिश विभागात सामान्य माणसाचं रेशन दिवसाला सुमारे १,०१५ कॅलरींवर आणलं. खाणकामगाराचं रेशन कागदावर बरंच जास्त होतं. पण घरात बायको-मुलं हजार कॅलरींवर असताना तो एकटा कसा खाईल? घरी वाटून खायचा, आणि उत्पादन घसरलं. जानेवारी १९४७ मध्ये गुण-पद्धत आली : नियमित हजेरी आणि ठरलेलं उत्पादन यांवर गुण, आणि गुणांवर चरबी, कॉफी, सिगारेट, दारू, कपडे. त्यानं आकडा सवादोन लाखांच्या पुढे गेला. मग पुन्हा सामान्य रेशनच वेळेवर पोचेना, आणि ३ एप्रिल १९४७ ला ३ लाखांहून अधिक खाणकामगारांनी एक दिवस काम बंद ठेवलं. मॉस्कोत सरकती श्रेणी घोटली जात होती तो हाच महिना.

साहित्य : आधाराचं लाकूड, पोलादी कमानी, तारदोर, पट्टे. युद्धाच्या अखेरच्या काळात सोपे थर आधी काढून घेतले होते आणि नवे बोगदे पाडले नव्हते. त्यामुळे १९४५ नंतर प्रत्येक टनामागे तयारीचं काम जास्त पडत होतं. त्यात ब्रिटन जर्मन जंगलातलं लाकूड घरबांधणीसाठी नेत होता आणि खाणींना खांब कमी पडत होते.

सुरक्षितता : २० फेब्रुवारी १९४६ रोजी बेर्गकामेनच्या ग्रिमबेर्ग खाणीत स्फोट होऊन ४०५ माणसं गेली. पाहणीसाठी उतरलेले ३ ब्रिटिश अधिकारीही त्यात होते. जर्मन खाण-इतिहासातला हा सर्वांत मोठा अपघात.

---

दर्यावर्दी

आणि वाहतूक! १९४५ च्या शरदात कोळसा खाणीच्या तोंडाशी ढीग करून पडला होता, हे विसरू नका.

र्‍हाइनवरचे पूल पाण्यात कोसळलेले, मधे बुडालेल्या बार्ज, डॉर्टमुंड-एम्स कालवा फुटलेला. आधी पात्र मोकळं करायचं, मग बार्ज उचलून दुरुस्त करायच्या, मग कुठे कोळसा रॉटरडॅमच्या दिशेनं किंवा वर श्ट्रासबुर्गकडे. १९४६-४७ च्या हिवाळ्यात नदी गोठली, तेव्हा सगळा भार रेल्वेवर आला, आणि रेल्वेची इंजिनंच नादुरुस्त. १९४७ च्या उन्हाळ्यात उलट तऱ्हा : दुष्काळ पडला, र्‍हाइनचं पाणी उतरलं आणि बार्ज अर्ध्या भरून सोडाव्या लागल्या.

वाघिणींचं (मालगाडीच्या डब्यांचं) दुखणं निराळं. निर्यातीचा कोळसा घेऊन गेलेल्या वाघिणी शेजारी देशातून वेळेवर परत येत नसत, तिथेही वाघिणींची टंचाई होतीच. वाटपाच्या तक्त्यात 'अमुक देशाला इतके टन' लिहायला एक ओळ लागते. त्या ओळीमागे वाघीण, इंजिन, पाणी आणि हवामान चौघांनी साथ द्यावी लागते.

---

गोदातीर

वाटप कोण करत होतं? म्हणजे प्रत्यक्ष कागद कुठे हलत होता? ब्रिटिश लष्कर, की कुठली आंतरराष्ट्रीय संस्था?

---

हिशेबनीस

@गोदातीर, दोन्ही, आणि पायऱ्या वेगळ्या होत्या.

रूरमध्ये ब्रिटिशांचं नॉर्थ जर्मन कोल कंट्रोल. बैठक एसेनच्या व्हिला ह्युगेलमध्ये, म्हणजे क्रुप घराण्याच्या वाड्यात. उत्पादन, जर्मनीतलं वाटप आणि निर्यातीला मोकळा होणारा साठा हे त्यांच्याकडे. निर्यातीसाठी किती उरणार यावर अंतिम शब्द सरकारांचा.

निर्यातीचे टन देशांत वाटायला लंडनमधली युरोपियन कोल ऑर्गनायझेशन. मे १९४५ मध्ये तात्पुरती सुरू झाली, जानेवारी १९४६ मध्ये रीतसर करार झाला. प्रत्येक देश आपली गरज, स्वतःचं उत्पादन आणि हातातला साठा कळवायचा. समोर पुरवठा मांडला जायचा : जर्मन, अमेरिकन, थोडा ब्रिटिश, पुढे पोलिश. मग सगळ्यांच्या संमतीनं शिफारस. संस्थेकडे सक्तीचा अधिकार नव्हता. तरी ती चालली, कारण सगळ्यांचे आकडे एकाच टेबलावर होते आणि एकानं गरज फुगवली तर शेजारचा लगेच बोट ठेवायचा. १९४७ च्या अखेरीस ती बंद झाली आणि काम जिनिव्हातल्या संयुक्त राष्ट्रांच्या युरोप आर्थिक आयोगाच्या कोळसा समितीकडे गेलं.

नाजूक बाब ही की पुरवठ्याचा एक मोठा भाग अमेरिकेतून येत होता. १९४६ च्या एप्रिल-मेमध्ये जॉन लुईस यांच्या खाणकामगार संघटनेनं अमेरिकन खाणींत संप केला, त्याचा चटका थेट युरोपच्या वाटपाला बसला. तिथून जहाजं कमी निघाली की रूरवरचा दाब आपोआप वाढायचा.

---

कुंपणावरचा

आणि रशिया? सोव्हिएत बाजू या सगळ्यात फक्त बाहेर उभी होती का?

---

टांकसाळ

लंडनच्या संस्थेत सोव्हिएत संघ आला नाही. पण कोळशाच्या भांडणात तो होताच. मॉस्कोत सोव्हिएत परराष्ट्रमंत्री मोलोटोव्ह यांची मागणी दुहेरी : चालू उत्पादनातून युद्धभरपाई आणि रूरवर चार सत्तांचं नियंत्रण. अमेरिका-ब्रिटनचा हिशेब असा की चालू उत्पादनातून माल पूर्वेला गेला तर त्या तुटीचे डॉलर आपल्यालाच भरावे लागतील. सारबाबतही मोलोटोव्ह यांनी फ्रान्सला होकार दिला नाही. बिदो तोवर दोन्हीकडे मध्यस्थाची भूमिका घेऊन होते. सारवर मॉस्कोचा नकार आणि कोळशावर वॉशिंग्टन-लंडनचा होकार, या दोन गोष्टी एकाच महिन्यात झाल्यावर ते कुठे झुकणार हे उघड होतं.

पूर्वेकडची वाटणी पाहायची तर पोलंड बघा. वरचा सायलेशिया पोलंडकडे गेला. ऑगस्ट १९४५ च्या करारानं पोलंडनं सोव्हिएत संघाला १९४६ मध्ये ८० लाख टन आणि पुढची चार वर्षं वर्षाला १ कोटी ३० लाख टन कोळसा नाममात्र भावात द्यायचा होता. १९४७ मध्ये हा आकडा निम्म्यावर आणला. म्हणजे जर्मनीकडून आलेल्या खाणींचा काही 'भरपाई कोळसा' पोलंडच्या दारातून पुढे गेला. पश्चिमेत निदान आकड्यांवर जाहीर भांडता तरी येत होतं.

---

मिनेट

थोडा मागचा संदर्भ, कारण १९४७ मधल्या कुणालाही १९२० विसरता येत नव्हतं.

व्हर्सायच्या कोळसा परिशिष्टात फ्रान्सला दहा वर्षं दरवर्षी ७० लाख टन. त्याशिवाय जर्मनांनी उद्ध्वस्त केलेल्या नॉर आणि पा-द-कालेच्या खाणींची तूट भरून काढायला पहिली पाच वर्षं दरसाल २ कोटी टनांपर्यंत. बेल्जियमला ८० लाख. इटलीला ४५ लाखांपासून सुरू होऊन वाढता वाटा. बेरीज जवळपास ४ कोटी टन वर्षाला. देणं शक्य नव्हतं. जुलै १९२० मध्ये स्पा इथल्या परिषदेत आकडा महिन्याला २० लाख टनांवर आला, सहा महिन्यांपुरता. पण त्याबरोबर टनामागे ५ सुवर्णमार्क खाणकामगारांच्या अन्नासाठी आणि जर्मन अंतर्गत भाव व ब्रिटिश निर्यातभाव यांतल्या फरकाएवढी उचल. शिवाय धमकी : तीन महिन्यांत ६० लाख टन पोचले नाहीत तर रूर ताब्यात घेऊ.

'टनामागे अन्न' ही १९४७ ची गुण-पद्धत १९२० च्याच ५ मार्कांची पुढची आवृत्ती. जानेवारी १९२३ मध्ये फ्रान्स-बेल्जियमचं सैन्य रूरमध्ये शिरलं तेव्हा दिसलं की संगिनीनं खाण ताब्यात येते, कोळसा वर येत नाही. असहकार सुरू होताच पुरवठा कोसळला. शेवटी नोव्हेंबर १९२३ मध्ये खाणमालकांशी थेट करार करावे लागले.

---

अनुस्वार

वाचलं सगळं. एक राहिलं : खाणींची मालकी. ब्रिटनमध्ये मजूर पक्षाचं सरकार, घरच्या खाणी सरकारी केलेल्या. रूरच्याही करायच्या होत्या ना?

---

हिशेबनीस

बेव्हिनना करायच्या होत्या. अमेरिकेचा विरोध होता. मार्शल मदत अमेरिकन काँग्रेसमधून पार करायची आणि त्याच वेळी रूरमध्ये समाजवादी प्रयोग, हे जमणारं नव्हतं. ऑगस्ट-सप्टेंबर १९४७ मध्ये वॉशिंग्टनला ब्रिटिश-अमेरिकन कोळसा बोलणी झाली. निष्पत्ती : मालकीचा प्रश्न पुढे ढकला, व्यवस्थापन जर्मनांकडे द्या, वर दोघांचा संयुक्त नियंत्रण गट. नोव्हेंबर १९४७ मध्ये हाइनरिश कोस्ट यांच्या हाताखाली जर्मन कोळसा खाण व्यवस्थापन संस्था सुरू झाली. नोव्हेंबर १९४८ च्या ७५ क्रमांकाच्या कायद्यानं मालकीचा निर्णय भावी जर्मन सरकारवर सोपवला. फ्रान्स यानं भडकला : त्याच्या दृष्टीनं 'भावी जर्मन सरकार' हेच तर संकट! त्याची समजूत काढायला नियंत्रण गटात जागा दिली गेली आणि रूरच्या कोळसा-पोलादाची वाटणी ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय रूर प्राधिकरणाची बोलणी पुरी केली गेली.

उत्पादनापुरतं म्हणाल तर १९४७ च्या शेवटी रोजचा आकडा २ लाख ८० हजारांच्या आसपास गेला. अन्नाची आयात, गुण-पद्धत, रेल्वेची डागडुजी, सगळं थोडं थोडं लागू पडलं.

---

वाफेचं_इंजिन

रूर प्राधिकरणाची मतं रंजक आहेत. करार २८ एप्रिल १९४९, कचेरी ड्युसेलडॉर्फला. एकूण १५ मतं : अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी प्रत्येकी ३, बेल्जियम, हॉलंड, लक्झेंबर्ग प्रत्येकी १. बहुमत ८. म्हणजे फ्रान्स आणि बेनेलक्स मिळून ६, त्यांना अमेरिका किंवा ब्रिटन यांपैकी एक तरी लागणार. जर्मनी आत येईपर्यंत त्याची मतं जर्मनीवर ताबा असलेल्या तिन्ही सत्ता मिळून टाकणार.

काम एकच पण मोक्याचं : रूरचा कोळसा, कोक आणि पोलाद यांतलं किती घरी आणि किती निर्यातीला, हे तिमाहीगणिक ठरवणं. निर्यातीतलं कोणत्या देशाला किती, ते पुन्हा जिनिव्हात. खाणी चालवणं कोस्ट यांच्या संस्थेकडे, विक्री एसेनच्या जर्मन कोळसा विक्री संस्थेकडे. अंमलबजावणीची ताकद प्राधिकरणाची नव्हे, जर्मनीतल्या दोस्त सत्तांच्या उच्चायुक्तांची. इतक्या हातांतून जाणारा निर्णय तिमाही संपता संपता लागू व्हायचा.

नोव्हेंबर १९४९ च्या पीटर्सबेर्ग करारानं चान्सलर आडेनाउअर यांचा पश्चिम जर्मनी प्राधिकरणात सामील झाला. बदल्यात कारखाने उखडून नेणं बरंच कमी झालं. बुंडेस्टागमध्ये (संसदेत) विरोधी नेते शूमाखर यांनी आडेनाउअर यांना 'दोस्तांचा चान्सलर' म्हटलं ते याच चर्चेत, पहाटेच्या सुमारास.

---

कुंपणावरचा

म्हणजे १९५० चा शूमान प्रस्ताव (फ्रान्स-जर्मनीचा कोळसा आणि पोलाद एका सामायिक संस्थेखाली आणण्याचा) हा आदर्शवाद कमी आणि या प्राधिकरणातून वाट काढणं जास्त?

---

मिनेट

तसं म्हणता येईल, पण पूर्ण नाही. १९५० पर्यंत मोने यांना दिसत होतं की जर्मन पोलादावरची मर्यादा टिकणार नाही. मार्च १९४६ च्या योजनेत पोलादाचं उत्पादन वर्षाला ५८ लाख टनांवर रोखलं होतं. ऑगस्ट १९४७ मध्ये दोन विभागांपुरती क्षमता १ कोटी ७ लाखांवर नेली. मर्यादा गेली की जर्मन भट्ट्या स्वतःचा कोक स्वतःच खाणार आणि लोरेनला काय उरणार? प्राधिकरणात हात वर करून मिळणारा कोक कायमचा नव्हता. सामायिक बाजारात नियमानं मिळणारा कोक जास्त खात्रीचा.

तोवर टंचाईचं भांडण भावाच्या भांडणात बदललं होतं. जर्मनीत घरच्या गिऱ्हाइकाला एक भाव, निर्यातीला त्याहून चढा. म्हणजे लोरेनचा पोलादवाला रूरच्या पोलादवाल्यापेक्षा महाग कोक घेणार. वर रेल्वेभाडं : अंतर वाढेल तसा किलोमीटरमागे दर उतरतो, पण सीमेवर हिशेब तोडून पलीकडे पुन्हा पहिल्या किलोमीटरपासून नवा सुरू करायचे. गाडी तीच, वाघीण तीच, माल उतरवलेला नाही, तरी भाडं दोनदा चढ्या दरानं.

१८ एप्रिल १९५१ च्या पॅरिस तहानं दुहेरी भाव आणि असलं भेदाचं भाडं दोन्ही निषिद्ध केलं. १९५२ मध्ये युरोपीय कोळसा-पोलाद समुदाय सुरू झाला, रूर प्राधिकरण गुंडाळलं, आणि १० फेब्रुवारी १९५३ ला कोळशाचा सामायिक बाजार उघडला. दुहेरी भाव लवकर गेला. सीमेवर तुटणारं भाडं मात्र चिवट निघालं. सलग अंतराचे थेट दर ठरवायला रेल्वे खात्यांशी वाटाघाटी करत १९५५ उजाडलं.

---

दर्यावर्दी

@मिनेट, ते रेल्वेपुरतं. र्‍हाइनवरच्या बार्जच्या भाड्याला हे नियम तितकेसे लागू झालेच नाहीत. नदीवरची वाहतूक १८६८ च्या मानहाइम करारानं मुक्त, आणि स्वित्झर्लंड समुदायाबाहेर. जर्मनीच्या आतलं भाडं नियंत्रित, सीमा ओलांडणारं खुल्या बाजाराचं. मंदीत बाहेरचं भाडं आतल्यापेक्षा स्वस्त पडे, तेजीत उलट. म्हणून रूरचा तोच कोळसा कधी स्वतःच्या देशातल्या बंदरापेक्षा परदेशी बंदरात स्वस्तात पोचायचा. त्यावर वेगळा धागा काढा, आकडे घेऊन येतो.